बाळोजीचा नवा माग

फार जुनी गोष्ट आहे. एका गावात घरोघरी हातमाग होते आणि त्या सगळ्या मागांचं लाकूडकाम करणारा एकच माणूस होता, बाळोजी सुतार. हात कुशल, डोकं त्याहून चपळ. एक वस्तू हातावेगळी होते न होते तोच दुसरी त्याच्या मनात घोळू लागे.

एका वर्षी त्याने लुगड्याच्या काठावर नक्षी उठवणारी लाकडी चौकट केली. ती सर्वांत आधी म्हाळसाबाई नावाच्या विणकरणीने घेतली. सुरुवातीला धागे तुटत, नक्षी वाकडी येई, तरी ती नेटाने शिकत राहिली. चार महिन्यांनी हात बसला आणि त्याच आठवड्यात चौकटीची खुंटी मोडली. ती बाळोजीकडे गेली, तर त्याने हसून सांगितलं की ती चौकट आता तो करत नाही, तिचे साचेही मोडले. आता याहून सरस चौकट आली आहे.

म्हाळसाबाईने तीही घेतली. तिचंही तेच झालं. या वेळी मागावर भाचीच्या लग्नाचं लुगडं अर्धं विणलेलं होतं, ते तसंच कापून उतरवावं लागलं. मग ती मुकाट्याने साध्या विणीकडे वळली. इतर घरांतही असंच काहीबाही घडलं होतं. बाळोजीला त्याचा पत्ता नव्हता. तो पुढच्या कामात गढला होता.

ते काम खरोखर मोठं होतं. त्याच्या नव्या मागावर ओणवं न होता विणता येई. म्हाताऱ्या विणकरांच्या पाठीला आराम मिळणार होता. त्याने तो देवळापुढे मांडला. लोकांनी तोंडभर कौतुक केलं आणि ते घरी गेले. महिना उलटला तरी कुणी मागायला आलं नाही.

शेवटी तो म्हाळसाबाईच्या दारी गेला आणि त्याने मागात काय खोट आहे ते विचारलं.

"खोट काही नाही," ती म्हणाली. "पण आम्हाला शिकायला चार महिने लागतात, आणि तोवर तुमचं मन उडतं."

"मी तुमच्यासाठीच नवं करतो ना, बाई?"

"करता आमच्यासाठी. बंद करताना कुणाला विचारता?"

मोडलेली खुंटी मागून घेऊन बाळोजी घरी आला. साचे नव्हतेच, त्या तुकड्यावरून मापं काढत त्याने नवी खुंटी घडवली. मग घरोघर फिरून पडून राहिलेल्या चौकटी चालू करून दिल्या. वर्षभर त्याने नवं काही केलं नाही, आणि ते त्याला जड गेलं.

दुसऱ्या वर्षी एक म्हातारा विणकर आला. नव्या मागावरून हात फिरवत त्याने विचारलं, "हा मोडला तर?"

"गावात असा एक जरी माग चालू असला, तरी मी दुरुस्त करीन," बाळोजी म्हणाला.

म्हाताऱ्याने मान डोलावली आणि माग उचलायला मुलांना हाक मारली.

या गोष्टीचं तात्पर्य एवढंच: नवं देणाऱ्याने ते शिकणाऱ्याच्या पावलाने चालावं, अर्ध्या वाटेत सोडलेला माणूस पुढच्या हाकेला येत नाही.