निळीचं विरजण

पूर्वी गंगेकाठच्या एका नगरात एक हौशी राजा राज्य करायचा, तेव्हा बोधिसत्त्व रंगाऱ्याच्या घरात जन्माला आले होते. हात कोपरापर्यंत निळे. लग्नात हळद लावली तर हिरवे झाले, असं त्यांची बायको विशाली सगळ्यांना सांगायची.

भिंतीला भिंत लागून भद्रकाचं रंगघर होतं. निळीचं कुंड दह्यासारखं असतं, जिवंत ठेवावं लागतं. नवं लावायचं तर जिवंत कुंडातलं विरजण लागतं. म्हणून दोघांच्या वाडवडिलांनी मधल्या भिंतीत एक भोक ठेवलं होतं. त्यातून विरजणाचं मडकं जायचं, आणि त्याहून जास्त गप्पा जायच्या. कुणाचं कुंड काय खातं, कशानं रुसतं, या घरचं सगळं त्या घरी.

एकदा भद्रकानं कुंडाला थोडा खजूर घालून पाहिला. रंग असा चढला की बघत राहावं. हे शेजारी कुणाला कळायला नको, असं वाटून त्यानं भोक चिखलानं लिंपलं.

"कशाला रे लिंपलंस?" बोधिसत्त्वांनी दारातून विचारलं.

"उंदीर येतात, दादा."

"तुझ्याकडून माझ्याकडे, की माझ्याकडून तुझ्याकडे?"

भद्रकानं चिखलाचा आणखी एक गोळा थापला.

पुढे राजानं चाळीस हत्तींना निळ्या झुली घालायचं ठरवलं. वीस यानं रंगवायच्या, वीस त्यानं, पंधरा दिवसांत. जो चुकेल त्यानं घाटावरची जागा सोडून जायचं. भद्रकानं घाईघाईत टोपलीभर खजूर ओतला. कुंड आंबायला लागलं. अशा वेळी चुना घालतात, हे बोधिसत्त्वांना माहीत होतं; पण भोक भद्रकानंच बंद केलं होतं, आता तो विचारणार कुठल्या तोंडानं? तिसऱ्या दिवशी कुंड मेलं. असा वास सुटला, की घाटावर आंघोळीला आलेल्या हत्तींनीसुद्धा तोंड फिरवलं.

विशाली म्हणाली, "अहो, चाळीसच्या चाळीस झुली आता आपल्या. जागापण आपली. तुम्ही फक्त गप्प बसा."

"आणि भद्रक कुठं जाईल?"

"जाईल की उंदरांकडे!"

बोधिसत्त्व हसले आणि मडकं भरायला लागले. विशालीनं कपाळावर हात मारला. मग चुन्याची पुडी आणून त्यांच्या हातात ठेवली. "हीपण द्या. नुसतं विरजण दिलंत तर तो मेला परत मारून ठेवेल."

भद्रक रिकाम्या कुंडाजवळ डोकं धरून बसला होता. भिंतीतून आधी माती पडली. मग एक निळा हात आला, हातात मडकं.

"उंदीर आलाय," पलीकडून आवाज आला. "घे."

भद्रकाला रडूच फुटलं. "दादा, मी खजूर घालत होतो. तुम्हाला सांगितलं नाही."

"वास आला तेव्हाच कळलं रे."

बोधिसत्त्वांचं कुंड गुळावर वाढलेलं. त्या विरजणाला भद्रकानं मोजून चार खजूर घातले, वर चिमूटभर चुना. चार-पाच दिवसांनी त्यातून मोराच्या मानेसारखा निळा निघाला. तसा रंग नगरात कुणीच पाहिला नव्हता. दोघांच्याही झुली वेळेत झाल्या. मिरवणुकीत हत्ती बघून मोरच ओरडले म्हणतात.

भद्रक आनंदानं पहार घेऊन आला. "दादा, ही भिंतच पाडू! दोघांत एकच मोठं कुंड लावू."

"भिंत राहू दे," बोधिसत्त्व म्हणाले. "एकच कुंड असतं तर तुझ्याबरोबर माझंपण मेलं असतं. मग विरजण कुणाकडे मागितलं असतं? तुझं तू करून बघ, माझं मी बघतो. भोक तेवढं बुजवू नकोस."

एवढी गोष्ट सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, विहारातल्या भिक्खूंना म्हणाले, "तेव्हाचा भद्रक म्हणजे रोज विहारात जेवण आणणारा आपला आचारी, जो आमटीत काय घालतो ते अजून कुणाला सांगत नाही. विशाली म्हणजे त्यावरून त्याला ओरडणारी त्याची बायको. आणि तो रंगारी मीच होतो."

मागं उभा असलेला आचारी लाजला. "चिंच," तो हळूच म्हणाला. "आणि शेवटी थोडे भाजलेले तीळ."

"बघा," शास्ते हसले. "दिलं, आणि त्याच्याकडचं काही कमी झालं नाही. ही दानपारमिता, देण्याची परिपूर्णता."