पाटलांच्या डोक्यावरची पाटी

मंडळी, एक सांगा बरं. गावात भरवसा कुणावर ठेवावा? जो कधीच कुणापुढे हात पसरत नाही त्याच्यावर, की अडल्या वेळी सरळ येऊन मागतो त्याच्यावर? घाईनं उत्तर देऊ नका. आधी गोष्ट ऐका.

फार फार वर्षांपूर्वी, तुमच्या पणज्याचा पणजाही जन्मला नव्हता तेव्हा, माळावर एक गाव होतं. त्या गावाचं एक पेव होतं. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेलं धान्याचं कोठार. सुगीला प्रत्येक घर त्यात पाटीभर ज्वारी ओतायचं आणि ज्याची चूल अडेल त्यानं ती न्यायची. रीत एकच. न्यायची ती भर दिवसा, चारचौघांत. आणि पेवाची राखणदारीण नेणाऱ्याचं नाव मोठ्यानं पुकारणार. चोरी होऊ नये म्हणून वाडवडलांनी घातलेली रीत ती.

पण झालं काय, चोरीबरोबर मागणंही बंद पडलं. पेव काठोकाठ भरलेलं, म्हणून ओतणंही थांबलं. सात वर्षं त्याच्या तोंडावरची शिळा हलली नाही. गावकरी बाजारात मिशांना पीळ देऊन सांगायचे, "आमच्या गावात मागणारा कुणी नाहीच!"

राखणदारीण होती चांगुणाआत्या. खरं सांगायचं तर तिलाही त्या न हललेल्या शिळेची ऐट होती.

आठव्या वर्षी पावसानं पाठ फिरवली. एका सकाळी आत्याच्या ध्यानात आलं, शेजारच्या ठकूच्या घरातून धूर निघतोय, पण भाकरी थापल्याचा आवाज नाही. ती तडक आत शिरली. चुलीवर नुसतं पाणी उकळत होतं आणि दोन लेकरं त्याच्याकडे टक लावून बसली होती.

"हे गं काय?"

"शेजाऱ्यापाजाऱ्यांना धूर दिसायला हवा ना, आत्या." ठकू कसनुसं हसली. "परवा माहेरी जातो म्हणून सांगू आणि गाव सोडू."

"अगं, पेव भरलंय की!"

"आणि तू माझं नाव पुकारशील. नको गं बाई. उपाशी राहीन, पण नाव निघू द्यायची नाही."

आत्याला उमगलं. जिची ऐट मिरवली, ती शिळा या लेकरांच्या पोटावर बसली होती! पदर खोचून आत्या पाटलांच्या दारात उभी राहिली.

"पाटील, उद्या पेवातली ज्वारी न्यायला या. पाटी तुमच्याच डोक्यावर हवी."

पाटील खो खो हसले. "चांगुणे, धान्याच्या चार कणग्या भरल्यात माझ्या. लोक म्हणतील, पाटलाला भिकेचे डोहाळे लागले!"

"भरल्यात म्हणूनच तुम्ही या. रिकाम्या कणगीवाला पहिला यायचा नाही."

आतून पाटलीणबाईंचा आवाज आला, "जा की! लग्नात फेटा मिरवलात, आता पाटी मिरवा."

दुसऱ्या दिवशी शिळा सरकवली, आतली कोंदट हवा जाऊ दिली. बघतात तर वरची हातभर ज्वारी काळी पडून ढेकळासारखी झालेली. लोक हळहळले.

"पडून राहिलेल्या मालाचा मालक कीडच असते," आत्या म्हणाली. खालची चांगली ज्वारी वर आली तशी तिनं साद घातली, "पाटील, एक पाटी!"

पाटलांना सवय कुठली? पाटी कलंडली, दाणे मिशांत अडकले. सगळं गाव हसलं, पाटीलही हसले. मग सुतार आला, कुंभार आला, देवळातला गुरव आला. ठकू रांगेत एकोणिसावी होती. तिचं नाव पुकारलं तेव्हा कुणी मान वळवून पाहिलं नाही. जो तो आपली पाटी सावरत होता.

ठकूनं गाव सोडलं नाही. पुढं पाऊस झाला, तिचं शेत पेरलं गेलं, आणि सुगीला तिनं एका पाटीची सव्वा पाटी करून पेवात ओतली. तेव्हापासून रीतच पडली: दर वर्षी गरीब-श्रीमंत प्रत्येक घरानं जुनी ज्वारी न्यायची आणि सव्वापटीनं नवी घालायची. तीही बाजारातून आणलेली नाही, याच शिवारातली, कमी पावसावर येणारी. त्यामुळं पोट सांभाळलं आणि वाणही सांभाळला. पुढं दुष्काळ आले, गेले. त्या गावचं एकही घर ओस पडलं नाही.

तात्पर्य काय? मागणाऱ्याला जिथं लाजावं लागत नाही, तिथंच सगळ्यांच्या पोटाला मिळतं.

आणि भरवसा? तो अडल्या वेळी सरळ येऊन मागतो त्याच्यावर ठेवावा. तेव्हा मंडळी, एवढी विनंती ऐका. देण्याघेण्याचा हिशेब खरा ठेवा. काय दिलं ते तर मांडाच, पण कुणाकडून काय घेतलं, तेही न लाजता मांडा.