टिंबी कोळीण आणि मऊ पडलेली कोरफड

ऐका हं. कान इकडे करा. ही गोष्ट मोठ्याने सांगायची नाही.

एक होती टिंबी. टिंबी म्हणजे आठ पायांची, टिंबाएवढी कोळीण. ती राहायची जुईच्या खोलीत, कुंडीतल्या कोरफडीवर. या पानापासून त्या पानापर्यंत तिचं जाळं.

एकदा काय झालं? भरदुपारी खोलीत काळोख. पडदा बंद. दिवा बंद. सगळं चिडीचूप. फक्त कुंडीतून आवाज आला, बुडुक.

कोरफडीचं पान वाकलं. आणखी वाकलं. तट्! जाळं तुटलं. टिंबी पडली, टुप्प.

पान पिवळं दिसत होतं. मऊ मऊ, उकडलेल्या भेंडीसारखं.

"पाना पाना, ताठ हो. मला जाळं बांधू दे."

"मी नाही ताठ होत," पान कुजबुजलं. "आधी मुळाला सांग, पान उचल."

टिंबी निघाली. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. खाली मातीत शिरली. तिथे ओलं ओलं. आंबूस आंबूस वास.

"मूळदादा, मूळदादा, पान उचल!
पान ताठ होईना,
जाळं माझं होईना!"

"मी नाही उचलत. माझा जीव गुदमरतोय. आधी मातीला सांग, पाणी सोड."

"मातीताई, मातीताई, पाणी सोड!
मूळ पान उचलेना,
पान ताठ होईना,
जाळं माझं होईना!"

"मी नाही सोडत," माती म्हणाली. बुडुक. "आधी उन्हाला सांग, आत ये."

टिंबी निघाली. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. पडद्याखाली उन्हाची एक बारीक रेघ होती.

"उन्हा उन्हा, आत ये!
माती पाणी सोडेना,
मूळ पान उचलेना,
पान ताठ होईना,
जाळं माझं होईना!"

"मी नाही येत. आधी पडद्याला सांग, बाजूला सर."

"पडद्या पडद्या, बाजूला सर!
ऊन आत येईना,
माती पाणी सोडेना,
मूळ पान उचलेना,
पान ताठ होईना,
जाळं माझं होईना!"

"मी नाही सरत. आधी जुईला सांग, पडदा ओढ."

जुई चार वर्षांची. पलंगावर बसलेली, डोक्यावरून पांघरूण घेऊन. टिंबी तिच्या कानाशी गेली. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.

"जुई जुई, पडदा ओढ!
पडदा बाजूला सरेना,
ऊन आत येईना,
माती पाणी सोडेना,
मूळ पान उचलेना,
पान ताठ होईना,
जाळं माझं होईना!"

"मी नाही ओढत," जुई म्हणाली. अगदी हळू. "तिकडे बघ ना. आधी तिला सांग, जागची हल."

टिंबीने वळून बघितलं.

पडद्यावर एक सावली होती. लांबच लांब. काळी काळी. टोकदार डोकं. चेहराच नाही. दोन हात हलत होते. सूंऽऽ... सूंऽऽ...

टिंबीने आठही पाय पोटाशी ओढले. तरी ती गेली. सुळुक... सुळुक... सुळुक...

"सावलीबाई, सावलीबाई, जागची हल!
जुई पडदा ओढेना,
पडदा बाजूला सरेना,
ऊन आत येईना,
माती पाणी सोडेना,
मूळ पान उचलेना,
पान ताठ होईना,
जाळं माझं होईना!"

आवाज आला. कुठून आला, कळलंच नाही. "मी नाही हलत. एकटीला मला हलता येत नाही. आधी रेनकोटला सांग, खाली उतर."

टिंबी फटीतून गॅलरीत गेली. तिथे तारेवर बाबांचा रेनकोट लटकत होता. टोकदार टोपी. लांब बाह्या. वाऱ्यावर सळसळ सळसळ.

"रेनकोटदादा, रेनकोटदादा, खाली उतर!
सावली जागची हलेना,
जुई पडदा ओढेना,
पडदा बाजूला सरेना,
ऊन आत येईना,
माती पाणी सोडेना,
मूळ पान उचलेना,
पान ताठ होईना,
जाळं माझं होईना!"

"मी नाही उतरत. आधी कुंदाआत्याला सांग, रेनकोट काढ."

कुंदाआत्या, म्हणजे बाबांची बहीण, स्वयंपाकघरात लसूण सोलत होती. टिंबी तिच्या खांद्यावर चढली.

"कुंदाआत्या, कुंदाआत्या, रेनकोट काढ!
रेनकोट खाली उतरेना,
सावली जागची हलेना,
जुई पडदा ओढेना,
पडदा बाजूला सरेना,
ऊन आत येईना,
माती पाणी सोडेना,
मूळ पान उचलेना,
पान ताठ होईना,
जाळं माझं होईना!"

आत्याने इकडे बघितलं. तिकडे बघितलं. कुणीच नाही!

"कोण गं बोललं?" ती म्हणाली. "अगंबाई, रेनकोट! सोमवारपासून तसाच लटकतोय की!"

आत्या उठली. आत्याने रेनकोट काढला. रेनकोट खाली उतरला. सावली जागची हलली. जाता जाता टिंबीला म्हणाली, "माझ्याशी कुणी बोलतच नव्हतं. तू बोललीस." आणि विरून गेली.

जुईने एक डोळा उघडला. सावली नाही! जुईने पडदा ओढला, सर्रर्र. पडदा बाजूला सरला. ऊन आत आलं.

आत्या खोलीत आली. तिला पिवळं पान दिसलं. तिने ते दाबलं. माती हुंगली.

"जुई, हिला पाणी किती घातलंस गं?"

"रोज पेलाभर. तिला तहान लागली होती."

"तहानलेलं पान सुरकुततं, बाळा. हे तर मऊ पडलंय. ही पाण्यात बुडतेय!"

जुईने कुंडी दोन्ही हातांनी धरली. "मरेल ती?"

"चल, वाचवू या."

आत्याने कोरफड उपटली. काळी मुळं कापली, कच् कच्. पांढरी ठेवली. दोन दिवस कोरफड कागदावर सुकवली. कुंडीच्या बुडाला भोक पाडलं. जुईने मातीत वाळू मिसळली. मग कोरफड लावली. आणि पाणी? थेंबभरसुद्धा नाही!

मातीने पाणी सोडलं. मुळाने पान उचललं, रोज थोडं, रोज थोडं. एका सकाळी पान ताठ झालं.

जुई रोज मातीत बोट घालून बघायची. "आत्या, ओलं लागतंय! आज पाणी नको."

आणि टिंबी? टिंबीने धागा सोडला. या पानाला बांधला. त्या पानाला बांधला.

"आत्या, हे जाळं काढायचं?"

"राहू दे गं. घर आहे ते कुणाचं तरी."

टिंबी जाळ्याच्या मधोमध जाऊन बसली. आठही पाय पसरून.

धागा संपला, गोष्ट संपली.