शिवलेला हात

पडद्यामागच्या त्या राज्यात राजकन्येचा डावा हात कमरेला शिवलेला असे, आणि तो का शिवलेला असतो हे विचारायचे नसे. बाकी सगळे विचारता येई. मुकुट एवढा जड का, दिवा एवढा जवळ का, राक्षस रोज का येतो, असल्या प्रश्नांना तिथल्या तिन्ही म्हाताऱ्या राण्या हसून उत्तरे देत. हाताचा विषय निघाला की मात्र थोरली राणी चामडे शिवायचे दाभण उचलून दिव्यासमोर धरी. तेवढे पुरे होई.

त्या राज्यातले सगळेच चामड्याचे होते. पातळ, रंगवलेल्या, जाळीदार नक्षी कोरलेल्या आकृती. संध्याकाळी दिवा लागला की त्यांच्या सावल्या पांढऱ्या पडद्यावर पडत, आणि पलीकडे जमिनीवर मांडी घालून बसलेल्या मुली डोळे विस्फारून पाहत राहत. खेळ ठरलेला होता. राक्षस राजकन्येला पळवी, राजकन्या उजवा हात कपाळाशी नेऊन मूर्च्छित पडे, राजपुत्र घोड्यावरून येई आणि राक्षसाला लोळवी.

खेळ लटका होता, पण राक्षसाचे दात खरे होते. राजपुत्राची तलवारही खरी होती, फक्त त्याला नेम नव्हता. त्यामुळे रोज राजकन्येचा कुठे लचका तुटे, कुठे वार बसे. खेळ संपला की राण्या तिला ठिगळ लावत आणि ठिगळावर सोनेरी रंग फासत. समोरच्या मुलींना ते दागिने वाटत.

हेमांगी राजकन्या होण्याआधी रत्नप्रभा राजकन्या होती. एका संध्याकाळी राजपुत्राच्या घोड्याला फार टाळ्या पडल्या. त्याने घोडा परत एकदा फिरवला. परत टाळ्या पडल्या, त्याने परत फिरवला. इकडे राक्षसाने रत्नप्रभेला धरून ठेवले होते. राजपुत्र आला नाही तर काय करायचे, हे त्याला कुणी सांगितलेच नव्हते, म्हणून तो चावत राहिला. आधी पावले गेली, मग नक्षीदार निऱ्या, मग पोट. राजपुत्र पोचला तेव्हा मुकुटाखालचे डोके उरले होते, आणि कपाळावर टेकलेला उजवा हात.

राण्या रडल्या, आणि रडता रडता त्यांचे ऊर भरून आले. “शेवटपर्यंत हात हलला नाही हो पोरीचा!” थोरली म्हणाली. ते डोके दिव्याशेजारच्या खांबाला टांगण्यात आले. नव्या मुलींना आधी त्याच्या पाया पडायला नेत.

हेमांगी त्या संध्याकाळी पडद्याच्या कडेला उभी होती. तिने जे पाहिले ते राण्यांनी पाहिले नव्हते, किंवा पाहून सोडून दिले होते. रत्नप्रभेचा डावा हात शेवटपर्यंत टाक्यांना हिसके देत होता. कातडे ताणले जात होते, भोके मोठी होत होती, पण दोरा तुटला नाही.

तिने ते सांगितले तेव्हा मधली राणी म्हणाली, “तुला भास झाला असेल. दिवा फडफडला की असं दिसतं.”

दिवा फडफडला नव्हता. पण हेमांगीची पाळी आली तेव्हा तिनेही कंबर पुढे केली आणि शिवून घेतले. नाही म्हणता येते, हेच तिला माहीत नव्हते.

पडद्याला एका कोपऱ्यात कसरीने भोक पाडले होते. खेळ संपला की हेमांगी त्याला डोळा लावून बसे. पलीकडच्या मुली घरी जाताना राजकन्या-राजकन्या खेळत. ओढणीने डावा हात अंगाशी बांधून घ्यायचा, उजवा कपाळाला लावायचा आणि धाडकन पडायचे. एक दिवस त्यांतली एक खरोखरच अडखळली. तिला सावरायला हातच नव्हता. ती तोंडावर आपटली, ओठ फाटला, दात तुटून मातीत पडला. बाकीच्या मुली म्हणाल्या, “अय्या, काय मस्त पडलीस!” आणि मोकळ्या हाताने मांडीवर टाळ्या वाजवू लागल्या. पडलेली मुलगी रक्ताळलेल्या तोंडाने हसली.

होता होता हेमांगीच्या अंगावर ठिगळे इतकी झाली की तिच्यातून उजेड आरपार जाईना. पडद्यावर नुसता काळा ठिपका दिसू लागला. राण्यांनी ठरवले, आता हिची धाकटी बहीण बकुळा. उद्या सकाळी शिवून घेऊ.

बकुळेला आनंद झाला. ती दोन्ही हात पसरून गिरक्या घेत हेमांगीकडे आली. “ताई, दुखतं का गं शिवताना?”

“असं विचारायचं नसतं,” हेमांगी म्हणाली.

शब्द तिचे होते, पण आवाज थोरल्या राणीचा होता, अगदी शेवटचा स्वर ओढण्याच्या लकबीसकट. हेमांगीने तोंडावर हात ठेवला. बकुळा तिच्याकडे पाहत राहिली आणि मग खाली मान घालून निघून गेली. गिरक्या न घेता.

त्या संध्याकाळी हेमांगीचा शेवटचा खेळ होता. राक्षसाने तिला पकडले, ती नियमाप्रमाणे पडली. लांबून घोड्याच्या टापा ऐकू आल्या. मग टाळ्या. मग टापा परत लांब गेल्या.

राक्षसाने तिचा खांदा तोंडात धरला. कर्रकन आवाज झाला. जुने ठिगळ निघाले आणि त्याच्यासोबत खालचे कातडेही. दुसऱ्या चाव्याला मानेपर्यंत चीर गेली. हेमांगीच्या डोळ्यांसमोर खांबावरचे डोके होते, आणि उद्याच्या जागी बकुळा होती, बारीक, नवी, एका चाव्यात संपेल अशी.

तिने उजवा हात कपाळावरून काढला. डाव्या मनगटाखाली बोटे घातली आणि ओढले.

दोरा तुटला नाही. तो रत्नप्रभेच्या वेळीही तुटला नव्हता. म्हणून हेमांगीने दोऱ्याचा नाद सोडला आणि स्वतःची कंबरच फाडली. टाके, टाक्यांभोवतीचे कातडे, त्यावरची सोन्याची वेलबुट्टी, सगळे एका हिसक्यात निघाले. बरगडीखाली ओंजळभर भोक पडले आणि त्यातून दिव्याचा उजेड झोताने पडद्यावर आला.

तो हात तिने वर उचलला. इतक्या काळात पहिल्यांदाच वापरायचा होता, त्यामुळे तो कसाही पडला, राक्षसाच्या डोळ्यात. डोळा फुटला.

“अगं ए!” राक्षस ओरडला. “हे खेळात नाहीये!”

“माझा खांदा होता का खेळात?”

तिने दोन्ही हात त्याच्या जबड्यात घातले. दात तळव्यांतून आरपार गेले. ती मागे हटली नाही. खालचा जबडा एका खिळीवर हलत असे, ती खिळी तिला सापडली. तिने पिळले. खिळी वाकली, कातडे फाटत गेले कानापर्यंत.

पडद्यापलीकडच्या मुली उठून उभ्या राहिल्या. मग एक बारीक आवाज आला, “मार त्याला!” आणि मग एकदम पुष्कळ आवाज, “मार! मार! सोडू नको!”

जबडा तिच्या हातात आला. राक्षस घशातून वारा गेल्यासारखा आवाज काढत कोसळला.

तेव्हा राजपुत्र आला. त्याला एकच वार येत होता आणि तो एकाच जागी पडायचा. त्या जागी आज हेमांगी उभी होती. तलवारीने तिचे पाऊल घोट्यापासून उडाले.

“तू मध्ये कशी आलीस?” राजपुत्र चिडून म्हणाला. मग त्याने पडद्याकडे वळून वाकून नमस्कार केला. टाळ्या पडल्या नाहीत. मुली अजून ओरडतच होत्या.

सकाळी शिवणाच्या खोलीत तिन्ही राण्या अंगभर शाली लपेटून बसल्या होत्या. दाभण घासून ठेवले होते, दोऱ्याला मेण लावले होते. बकुळा भिंतीशी उभी होती. हेमांगी एका पायावर लंगडत आत आली. तिच्या कमरेतल्या भोकातून मागची भिंत दिसत होती.

“शोभा केलीस,” थोरली म्हणाली. “त्या राक्षसाला आता पेजेशिवाय काही चालत नाही. त्याची बायको दारात येऊन शंख करून गेली.”

“मग तिला बसवा पडद्यावर.”

“तोंड बघा पोरीचं!” मधली म्हणाली. “आम्ही शिवून घेतलं ते काय मेलो का?”

“रत्नप्रभा मेली.”

“ती मेली नाही. ती आदर्श झाली.”

“तिला विचारलंत कधी? डोकं खांबालाच टांगलंय.”

धाकटी राणी खुदकन हसली आणि थोरलीने पाहताच गप्प झाली.

“पुरे,” थोरली म्हणाली. “तुझं नंतर बघू. आधी बकुळेचं होऊ दे. चल, धर तिला.”

ते काम चार हातांचे होते. एकाने मुलीचा हात कमरेशी दाबायचा, एकाने दाभण खुपसायचे, एकाने मागून दोरा ओढायचा आणि एकाने मुलीला घट्ट धरून ठेवायचे. राण्या तीन होत्या, आणि त्याही एके काळी राजकन्याच होत्या, म्हणजे मोकळे हातही तीनच. चौथा हात एरवी उतरत्या राजकन्येचा असे. हेमांगीच्या वेळी रत्नप्रभा उरली नव्हती, तेव्हा एका चौथ्या, आता हयात नसलेल्या राणीने तिला धरले होते, आणि ती कानात म्हणाली होती, “लवकर संपतं.”

बकुळेने डोळे मिटून कंबर पुढे केली.

“धर,” थोरली म्हणाली.

“नाही.”

“हेमांगी!”

“मी धरणार नाही. आजही नाही, पुढेही नाही. तुम्हीच धरा.”

मधलीने हात दाबला होता. धाकटीने दोरा धरला होता. थोरलीच्या हातात दाभण होते. तिघींनी एकमेकींच्या हातांकडे पाहिले.

“राजपुत्राला हाक मारू का?” धाकटीने हळूच विचारले.

“आणि काय सांगणार त्याला?” मधली म्हणाली. “त्याला वाटतं, राजकन्या जन्मतःच अशा असतात.”

थोरली राणी दाभण घेऊन उठली. बकुळेने डोळे उघडले. दाभण हवेत तसेच राहिले, आणि तिन्ही जड शालींखाली, डाव्या बाजूला, काहीतरी हलले.