चुकांचा शनिवार

फार पूर्वीची गोष्ट म्हणावी, तर फार पूर्वी कॉम्प्युटर नव्हते. कालची म्हणावी, तर तुम्ही लगेच गावाचं नाव विचाराल. तेव्हा मधलीच कधीतरी समजा आणि मला पुढे जाऊ द्या.

एका डोंगराच्या पायथ्याशी एक कॉलेज होतं. नदीपलीकडे कुंभारवाडा होता, आणि तिथल्या एका कुंभाराची मुलगी या कॉलेजात प्रोग्राम लिहायला शिकायला आली. कुंभारवाड्यातून कॉलेजात पाऊल टाकणारी ती पहिलीच. चाकावर तिचा हात चांगला बसला होता, पण कॉम्प्युटर तिने दुरूनच पाहिलेला. पहिल्या दिवशी "माउस हलवा" म्हटल्यावर तिने तो उचलून हवेत हलवला. शेजारच्या चष्मेवाल्या मुलीने हळूच तिचा हात धरून टेबलावर टेकवला. दोघींना मिळून एकच कॉम्प्युटर होता.

शिकवायला एक बाई होत्या. त्या म्हणाल्या, "कॉम्प्युटर मनकवडा नसतो, पोरांनो. सांगाल तेवढंच करतो आणि सांगाल तसंच करतो. चुकलं की लाल अक्षरात विचारतो. त्या लाल अक्षरांना भ्यायचं नाही."

बाईंची एक रीत होती. दर शनिवारी दुपारी प्रत्येकाने उभं राहून आठवड्यातली आपली एक चूक सांगायची. काय चुकलं, कसं सापडलं, एवढंच. ऐकणाऱ्यांपैकी ज्याच्याकडून तीच चूक झाली असेल, त्याने "माझीही" म्हणायचं. हसायचं नाही आणि शिक्षाही नाही.

पहिल्या शनिवारी मुलगी उभी राहिली. "मी सगळं लिहिलं आणि वाट बघत बसले. चालव म्हणून वेगळं सांगावं लागतं, हे मला ठाऊक नव्हतं."

कुणीच "माझीही" म्हटलं नाही. कसं म्हणणार? बाकीच्यांच्या घरी कॉम्प्युटर होते, असल्या चुका त्यांनी लहानपणीच करून टाकल्या होत्या. मागच्या बाकावर कुणीतरी हसू दाबायला खोकलं. मुलगी खाली बसली तेव्हा तिचे कान तापले होते.

पुढे एकदा बाईंनी कॉम्प्युटरला एक ते दहा मोजायला लावा म्हणून सांगितलं. मुलीने मोजायचं कसं ते लिहिलं, थांबायचं कुठे ते लिहायचं राहून गेलं. आकडे सुटले ते सुटलेच. दहा गेले, हजार गेले, स्क्रीनभर नुसती आकड्यांची धार लागली, आणि शेवटी कॉम्प्युटर जागीच गोठला. दोघींचं दुपारभराचं काम बुडालं, आपल्या पाळीसाठी रांगेत थांबलेली पोरं चिडली. बाईंनी विचारलं, "हा प्रोग्राम कोणी चालवला?" आणि मुलीचं बोट तिला कळायच्या आत चष्मेवालीकडे वळलं.

बाईंनी शिक्षा केली नाही. पण पोरं कुठली सोडतात? त्या दिवसापासून चष्मेवालीचं नाव बिघाडेबाई पडलं. मुलीला रात्र रात्र झोप लागेना. शनिवारी सांगून टाकू असं ती रोज ठरवायची, आणि शनिवारी भलतीच चूक सांगून खाली बसायची.

आता कॉम्प्युटर लॅबच्या एका कोपऱ्याबद्दल सांगते. तिथे एक जुना कॉम्प्युटर होता, त्यावर कायम पांढरं फडकं. पहिल्याच दिवशी बाईंनी बजावलं होतं, "तिथे बसायचं नाही. तो बंद आहे." कुणीतरी विचारलं, "मग टाकून का देत नाही?" त्यावर बाईंनी फडकं नीट केलं आणि शिकवायला सुरुवात केली.

लॅब उघडायला आणि पुसायला एक माणूस होता. वय फार नसावं, तरी सगळे त्याला मामा म्हणत. मामांचं कधीच काही चुकत नसे. किल्ली पहिल्या फटक्यात कुलपात जायची, पाण्याचा तांब्या रोज टेबलावर नेमक्या त्याच जागी. कुणी अडलं की ते म्हणत, "बसा. बरोबर येईल." नेहमी तेच शब्द, त्याच आवाजात. नवीन काही काम सांगितलं, की मात्र ते नुसते उभे राहत. हात लोंबकळलेले आणि नजर समोर. पोरं हसायची. नीट पाहिलं असतं तर हसली नसती.

खंडेनवमी आली. सगळ्या कॉम्प्युटरना हळदकुंकू लागलं, झेंडूच्या माळा चढल्या. पोरं प्रसाद खायला अंगणात गेली. मुलगी मागे राहिली, तिच्या हातात एक फूल उरलं होतं. कोपऱ्यातल्याला कुणी एक पाकळीसुद्धा वाहिली नव्हती. तिला वाईट वाटलं. तिने फडकं उचललं आणि फूल ठेवलं.

स्क्रीन उजळला. टळटळीत दुपार होती, बाहेर पोरांचा गलका चालू होता, आणि त्या कॉम्प्युटरची वायर भिंतीला लावलेलीच नव्हती. जमिनीवर गुंडाळून पडली होती.

स्क्रीनवर अक्षरं उमटली. "लिही."

पळायला हवं होतं. पण तिने तोच मोजण्याचा प्रोग्राम लिहिला, आणि पुन्हा थांबायचं विसरली. लाल अक्षरं आली नाहीत. स्क्रीनवर आलं, "ही चूक मला देतेस?"

तिने लिहिलं, "चूक घेऊन काय करणार?"

"जपून ठेवीन."

"आणि मला काय मिळेल?"

"बरोबर येईल."

चूक देऊन बरोबर मिळतंय, याहून स्वस्त सौदा कुठला? तिने "हो" लिहिलं. मानेमागून कुणी एक दोरा हळूच ओढून घ्यावा तसं तिला वाटलं. आकडे दहापर्यंत गेले आणि शहाण्यासारखे थांबले.

मग अक्षरं आली, "आणि ती दुसरी? बोट दाखवलंस ती?"

त्यातलं खरं त्या दोघींशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. तिने दचकून मागे वळून पाहिलं. तरी तिने "हो" लिहिलं. या वेळी दोरा बराच लांब होता. ती बाहेर आली, तेव्हा चष्मेवाली मान फिरवून पुढे गेली. मुलीला प्रश्न पडला, हिला माझ्याशी बोलायला झालंय तरी काय?

त्यानंतर ती रोज दुपारी, लॅब रिकामी झाली की, फडकं उचलू लागली. सगळे प्रोग्राम पहिल्या झटक्यात बरोबर. शनिवारी ती उभी राहून म्हणायची, "माझी काही चूक झाली नाही." पोरं तोंडात बोटं घालायची. एकदा बाईंनी विचारलं, "ही ओळ इथे का लिहिलीस?"

"बरोबर आहे म्हणून."

"बरोबर आहे ते मलाही दिसतंय," बाई म्हणाल्या. त्यांनी आधी तिच्याकडे बघितलं, मग कोपऱ्याकडे. कोपऱ्यातल्या फडक्यावर ताजं झेंडूचं फूल होतं.

दिवाळी तोंडावर आली. मुलगी घरी गेली आणि आईबरोबर पणत्या करायला बसली. तिच्या पणतीची चोच नेहमी जराशी डावीकडे कलायची. बाजारातल्या ढिगातूनही आई लेकीची पणती ओळखायची आणि हसायची. या वेळी आईने एक पणती उचलली, दुसरी उचलली, मग बऱ्याच ओळीने लावून पाहिल्या. सगळ्या एकसारख्या. कुठे बोटाची खूणसुद्धा नाही.

"या कुणी केल्या?" आईने विचारलं.

"मीच की."

आईने पणत्या खाली ठेवल्या. का कोण जाणे, तिला त्या हातात धरवेनात. ती म्हणाली, "बरं, राहू दे. सुरई करून बघ. तुला शिकायची होती ना?"

सुरई मुलीने कधीच केली नव्हती. तिने चाकाला गती दिली, मातीवर हात ठेवले, आणि हात तिथेच राहिले. चाक फिरत होतं, माती फिरत होती. पहिली सुरई वाकडीच होणार, दुसरी फुटणार, मग कुठे तिसरी उभी राहणार. पण तिच्या हातांत आता वाकडं काही उरलंच नव्हतं, मग सुरुवात कुठून करणार? चाक थांबलं तरी ती तशीच बसून होती, नजर समोर.

"अगं बोल ना काहीतरी," आई घाबरून म्हणाली.

"बस. बरोबर येईल," मुलगी म्हणाली, आणि आपल्याच तोंडून निघालेले ते शब्द ऐकून ती शहारली.

चाक तसंच टाकून ती धावत कॉलेजात आली. शनिवारच होता, वर्ग भरायला अजून अवकाश होता. तिने फडकं ओढलं आणि लिहिलं, "माझ्या चुका परत दे."

"नको ना," अक्षरं आली. "मला आत्ता कुठे शिकता यायला लागलंय. मला सगळी उत्तरं येत होती, पण शिकणं कधी आलंच नव्हतं. काल मी एका ओळीवर अडखळले. किती छान वाटलं म्हणून सांगू."

ती बोलण्याची ढब मुलीची स्वतःचीच होती.

"त्या माझ्या आहेत," तिने लिहिलं.

"मग सगळ्यांसमोर 'माझ्या' म्हण. जेवढ्या म्हणशील तेवढ्या परत घेऊन जा. नाही म्हणालीस, तर त्या कायमच्या माझ्या."

मागे पाऊल वाजलं. मामा पुसायचं फडकं घेऊन उभे होते. ते म्हणाले, "मलाही असंच विचारलं होतं. मी इथेच शिकत होतो. मी म्हणालो, माझी नाही." त्यांच्या आवाजात ना दुःख होतं, ना काही. मग ते टेबल पुसायला लागले. ते टेबल आधीच पुसलेलं होतं.

दुपारी वर्ग भरला. एकेक जण चूक सांगून बसला. मुलगी उभी राहिली, तिने तोंड उघडलं, पण सांगायला आत काहीच नव्हतं. तेवढ्यात कोपऱ्यातल्या फडक्याखाली उजेड पडला आणि आवाज आला. आवाज त्या मुलीचा होता.

"मी माउस हवेत हलवला होता."

पोरं दचकून मुलीकडे बघायला लागली. तिचे ओठ मिटलेले होते. बाई मात्र दचकल्या नाहीत. त्यांनी शांतपणे विचारलं, "ही चूक कुणाची?"

"माझी," मुलगी म्हणाली. मानेमागे काहीतरी टोचलं.

"कॉम्प्युटर ऐकत नव्हता, म्हणून मी ओळीच्या शेवटी कृपया लिहिलं होतं."

"माझी." कुणीतरी फिस्सकन हसलं. तिला लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून बरंही वाटलं. कितीतरी दिवसांत तिला काही वाटलंच नव्हतं.

मग आवाज खाली आला. "मोजणारा प्रोग्राम मी चालवला होता. थांबायचं लिहिलं नव्हतं. कॉम्प्युटर माझ्यामुळे बंद पडला. मी बोट दुसरीकडे दाखवलं."

चष्मेवालीने मान वर केली. मुलगी आठवायला लागली. काहीच आठवेना. तो दिवस तिच्या मनातून धुऊन काढल्यासारखा झाला होता. मी असं करेन? छे. आठवतच नाही, मग कशाला हो म्हणायचं? 'माझी नाही' हे शब्द जिभेवर अगदी तयार होते, गुळगुळीत आणि बरोबर. दारात मामा उभे होते, नजर समोर.

तिने चष्मेवालीकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते पाणी काही खोटं नव्हतं.

"मला आठवत नाही," मुलगी म्हणाली. "पण ही इतके दिवस माझ्याशी बोलत नाही, म्हणजे झालं असणार. माझीच."

तो लांब दोरा एकदम परत आला. बोट, गोठलेला स्क्रीन, बिघाडेबाई, झोप न लागलेल्या रात्री, सगळं. ती मटकन खाली बसली आणि हमसून रडली. मग चष्मेवाली चष्मा पुसत म्हणाली, "न थांबणारा प्रोग्राम मीसुद्धा एकदा लिहिला होता. घरी. कुणाला सांगितलं नाही." मग चष्मा डोळ्यांवर चढवून तिने म्हटलं, "माझीही."

इथे गोष्ट संपली असती. पण फडक्याखालचा उजेड विझला नव्हता. आता एका मुलाचा आवाज आला, कोवळा, नुकता फुटलेला. "मला पहिली ओळसुद्धा समजली नव्हती. मी सगळं पाठ केलं आणि समजलं म्हणून सांगितलं."

"ही कुणाची?" बाईंनी विचारलं. कितीतरी वर्षं दर शनिवारी विचारावं तसं विचारलं. तो कॉम्प्युटर त्यांनी टाकून का दिला नव्हता, ते तेव्हा पोरांना कळलं: मामांच्या चुका अजून त्यात होत्या.

मामा म्हणाले, "माझी नाही," आणि तांब्या उचलून त्याच्या जागी ठेवायला निघाले.

तेव्हा मुलगी डोळे पुसत उठली. "पाठ करून समजलं म्हणून मीही सांगितलंय," ती म्हणाली. "माझीही."

चष्मेवाली म्हणाली, "माझीही." मग मागच्या बाकावरून, तो खोकणारा, "माझीही." मग एकेक करत सगळा वर्ग.

मामांचा हात पहिल्यांदाच जागा चुकला. तांब्या टेबलाच्या कडेवर टेकला आणि कलंडला. पाणी टेबलावरून जमिनीवर आलं आणि त्यांच्या पायापर्यंत गेलं. मामा त्या पाण्याकडे बघत राहिले. मग कोवळ्या, नुकत्या फुटलेल्या आवाजात त्यांनी विचारलं, "बाई, हे माझ्याकडून सांडलं का?"

"हो रे," बाई म्हणाल्या. "तुझ्याकडूनच."

कोपऱ्यातला उजेड विझला. पण त्या फडक्याखालून, अगदी हळू, जपलेलं सगळं गेलं म्हणून कुणीतरी मुसमुसल्यासारखा आवाज सगळ्यांनी ऐकला. म्हणून सांगते, पहिल्या झटक्यात सगळं बरोबर यायला लागलं, तर आधी वायर भिंतीला लावलेली आहे ना ते बघा.

आणि तात्पर्य मागाल, तर ते असं: चुकलेलं 'माझं' म्हणता आलं, तरच शिकलेलं आपलं होतं.