दारावरचा एसी

ऐरोलीच्या डेटा सेंटरचे संचालक रणदिवेसाहेब सर्व्हर रूमच्या दारात थंडी वाजली नाही की भडकत. यंदा ते आणखी एसी मागवायला निघाले. इंजिनिअर शाल्मलीने संगणकावर हवेचा प्रवाह मांडून दाखवला, "निम्मे एसी बंद केले तरी सर्व्हर थंड राहतील, सर."

"चित्रं नकोत. दारात माझ्या अंगावर काटा आला पाहिजे, बाकी तुझं तू बघ."

पुढच्या तपासणीला साहेब दारातच कुडकुडले आणि खूश होऊन म्हणाले, "आता कसं! सगळे एसी चालू ठेवलेस ना?"

"निम्मे आठवडाभर बंद आहेत, सर. सर्व्हर मजेत आहेत," शाल्मलीने वर बोट दाखवलं. "दारावरचा हा एक तेवढा तुमच्यासाठी लावलाय."