पानामागे तीन

"चूक कुठे आहे, तेवढी दाखवा ना!" रंगनाथने वही गुरूंच्या पुढ्यात आपटली.

केशरबुवा नुकतेच पानावर बसले होते. त्यांनी वहीकडे पाहिलंही नाही.

मठाचं स्वयंपाकघर रंगनाथकडे आलं, तेव्हा एक दिवस भाकऱ्या उरायच्या, दुसऱ्या दिवशी कमी पडायच्या. पठ्ठ्याने कंबर कसली. चाळीस दिवस प्रत्येक पान मोजलं आणि सरासरी काढली. पानामागे तीन. तेवढंच पीठ मळू लागल्यावर ना उरलं, ना कमी पडलं. हे यश त्याच्या डोक्यात गेलं. आजपासून वाढायच्याही तीनच, असा त्याने नियम केला.

आणि आज मठाची विहीर खणणारा तिम्मा अर्धपोटी उठला. त्याने चौथी भाकरी मागितली, रंगनाथने वही दाखवली.

"वही तुमची, पोट माझं," तिम्मा म्हणाला. "उद्यापासून विहीर वहीकडूनच खणून घ्या." पहार खांद्यावर टाकून तो चालता झाला.

"एका तिम्मासाठी नियम मोडायचा?" रंगनाथ मागे हटेना.

"तीन कोण खातं?" बुवांनी विचारलं.

"सगळे."

"एकाचं नाव सांग."

रंगनाथने वही चाळली. पुन्हा चाळली. राबणारे चार-पाच खात होते, म्हातारे एक-दोन...

"नाव नाही सापडत. पण तीन हा आकडा खरा आहे."

"खरा आहे."

वाद घालायला आलेल्याला हा होकारच जास्त झोंबला.

बुवांच्या पानातही तीनच होत्या. ते आयुष्यभर एकच खात आले होते. त्यांनी वरच्या दोन उचलल्या आणि उघड्या वहीवर ठेवल्या.

"हेही पानच ना? जेवतं का बघ."

रंगनाथ लालबुंद झाला. भाकऱ्या बाजूला सारून त्याने वही फाडायला घेतली.

बुवांनी त्याचं मनगट धरलं. "उद्याचं पीठ मग कोणाला विचारून मळशील?"

रंगनाथने वही मिटून बाजूला ठेवली.

"तिम्माला बोलावून आण," बुवा म्हणाले. "पान मांड. तवा ठेव."

रंगनाथ उठला. उंबऱ्यात थांबला. ताठा अजून उतरला नव्हता.

"आणि किती वाढू त्याला?"

"मला काय विचारतोस?"